धोंड्याच्या महिन्यातला ओटा

दोन हजार तेवीस साली श्रावण दोन आले. आधीचा धोंड्याचा, म्हणजे अधिक, आणि मागाहून खरा. धोंड्याच्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. जावयांची मात्र सुगी असते. वालूरच्या घराघरांत पुरणाचे धोंडे वळले जात होते, तेहतीस-तेहतीस अनारसे तळले जात होते, आणि गावातले निम्मे पुरुष नवे कपडे आणायला आपापल्या सासुरवाडीला गेले होते. त्याच महिन्यात सुमनबाई आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं बोलल्या. तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न होतं.

पहिलं म्हणजे, बारीकसारीक सोडून. नासलेलं दूध मांजराच्या नावावर खपवणं, याला बायका खोटं म्हणत नाहीत.

झालं ते ओट्यापायी. लग्न होऊन आल्यापासून सुमनबाईंनी खाली बसून स्वयंपाक केला. आधी चूल होती, मग स्टो आला, मग गॅस आला. पण गॅसही आल्या दिवशी जमिनीवरच बसला आणि बसला तो बसलाच. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते अर्पिताला पाय फुटल्यावर. सुमनबाईंची ही नात तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. ती चालायला शिकलीच नाही, एकदम पळायलाच शिकली. ज्येष्ठातल्या एका सकाळी तिनं आपलं पिवळं प्लास्टिकचं बदक पेटलेल्या शेगडीवर नेऊन बसवलं. बदकाला म्हणे थंडी वाजत होती. बदकाचं पाणी झालं, घर दोन दिवस घाण मारत राहिलं, आणि अर्पिताच्या बाहीला एक तांबूस डाग पडला. डाग बाहीवरच पडला, हातावर नाही, एवढीच काय ती देवाची कृपा.

त्या दिवशी सूनबाईंनी, म्हणजे राजेश्रीनं, आवाज न चढवता सांगितलं. तिला पाचवा महिना चालू होता.

"आई, मला आता खाली बसलं की उठवत नाही, अन् हिच्यामागं पळवत नाही. ओटा झाला तर बाळंतपण इथंच करू. नाही झाला तर नागपंचमीला बाबा न्यायला येतील. मी अर्पीला घेऊन पूर्णेला जाईन, अन् बाळ बसायला लागलं की येईन."

पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. दुसरं सासरी, ही रीत. पण सुमनबाईंना रीतीचं काही वाटलं नाही. त्यांच्या डोक्यात एवढंच शिरलं की अर्पी सहा-आठ महिने घरात नसणार. मालक जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा योगीराज परभणीच्या कृषी विद्यापीठात बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला; सेलूपर्यंत मोटरसायकल, पुढं रेल्वे, सकाळी गेला की अंधार पडता घरी. दिवसभर सुमनबाईंशी बोलायला, भांडायला आणि त्यांचा चष्मा लपवायला अर्पीच होती. ती चार दिवस आजोळी गेली तर सुमनबाई तिनं भिंतीवर ओढलेल्या हळदीच्या रेघाही पुसायच्या नाहीत.

"ओटा करू," त्या म्हणाल्या.

"मोठ्या आईंना विचारलं?" राजेश्री म्हणाली.

मोठी आई म्हणजे केशरबाई, सुमनबाईंची थोरली जाऊ. वय बहात्तर. दोन्ही भाऊ एकत्र होते तेव्हा स्वयंपाकघर एकच होतं, लांबलचक. नव्वद साली वाटण्या झाल्या आणि त्याच्या मधोमध एका विटेची भिंत उभी राहिली. एक चूल इकडं, एक चूल तिकडं. केशरबाईंचं दार पलीकडच्या गल्लीत उघडायचं, त्यामुळे भिंतीला भिंत असूनही इकडं यायचं तर चौकाला वळसा पडायचा. त्यांचे दोन्ही मुलगे पुण्याला, आणि त्यांचे पाय दुखरे. तरीही दर दोन दिवसांनी काठी टेकत त्या यायच्या, ते भेटायला नव्हे, बंदोबस्त बघायला.

गल्लीतल्या गरोदर बायकांचा हिशोब केशरबाईंकडं असायचा. प्रत्येकीच्या नावाची एक डबी. अवस झाली की तीत एक चिंचोका पडायचा. डॉक्टरीण मशिनीत बघून तारीख सांगायची, तरी बायका घरी जाताना केशरबाईंकडं डोकावून खात्री करून घ्यायच्या.

ओट्याला त्यांनी होकार दिला, पण दोन कलमं घालून. एक, खिडकीखाली ओटा घ्यायचा नाही. खिडकी दक्षिणेला आहे आणि दक्षिणेला तोंड करून रांधलेलं अंगी लागत नाही. ओटा वाटणीच्या भिंतीला, पूर्वेकडं तोंड करून. दुसरं कलम असं की पोटुशीला सातवा लागला की घरात छिन्नी-हातोडा चालणार नाही.

"सहाव्यापर्यंत काय ठोकायचं ते ठोका. सातव्यात लेकराला ऐकू येतंय. दचकतंय."

आषाढात मुंजाजी मिस्त्री आला. हात चांगला, पण कामाला सुरुवात करण्याची त्याला जेवढी हौस तेवढा शेवट करण्याचा कंटाळा. पहिल्या दोन दिवसांत त्यानं सगळी फरशी उखडली, मांडणी उतरवली, डबे ओसरीत रचले आणि मग रेती चाळत बसला. शेगडी ओसरीत आली. अर्पी तिथं पोचू नये म्हणून सुमनबाईंनी बाज आडवी करून कुंपण घातलं. आत सुमनबाई भाकरी थापायच्या आणि बाहेरून अर्पी बाजेच्या सुतळ्या धरून हलवायची. येणारे-जाणारे विचारायचे, "काय काकू, कोंडून घेतलं व्हय?"

दिव्याची अवस झाली, धोंड्याचा महिना लागला, आणि पहिल्याच सकाळी केशरबाई दारात उभ्या.

"सुमन, हातोडा थांबव. सातवा लागला."

मुंजाजीनं हातोडा लगेच खाली ठेवला. असल्या आज्ञा पाळायला तो फार तत्पर.

"कुणाला, अक्का?" सुमनबाईंनी विचारलं. प्रश्न वेडगळ होता, पण त्यांना जरा वेळ हवा होता.

"मला! कुणाला म्हंजे? काल अवस झाली, चिंचोका टाकला मी. सहा भरले."

सुमनबाईंनी उखडलेल्या जमिनीकडं पाहिलं. विटा नुसत्या रचलेल्या. अर्पी मुंजाजीची थापी घेऊन पिठाच्या डब्यात रेती भरत होती. नागपंचमीला महिनाच उरला होता. आणि मग त्यांचं तोंड त्यांना न विचारताच बोललं.

"धोंड्याचा महिना धरत न्हाईत, अक्का."

"काय?"

"ह्या महिन्यात लग्न धरत न्हाईत, मुंज धरत न्हाईत. मग पोटात तरी कशाला धरायचा? अजून सहावाच हाय. सातवा खऱ्या श्रावणात लागंल."

केशरबाई डोळे बारीक करून बघत राहिल्या. "कुणी सांगितलं?"

"सेलूच्या गुरुजींनी. पोथीत हाय."

"कोणत्या पोथीत?"

"लाल कपड्यातल्या."

दाराआड राजेश्रीला ठसका लागला. केशरबाईंनी तिच्याकडं, तिच्या पोटाकडं आणि परत सुमनबाईंकडं पाहिलं. पस्तीस वर्षांत ह्या धाकटीनं कधी उलट शब्द काढला नव्हता, आणि आज काढला तो एकदम पोथीच्या आधारानं.

"लेकरू काय पोथी वाचून वाढतंय व्हय?" एवढं बोलून त्या काठी आपटत गेल्या. पण हातोडा थांबवा, असं परत म्हणाल्या नाहीत.

"आई," राजेश्री म्हणाली, "गुरुजींना तुम्ही कधी भेटलात?"

"भेटंन की कव्हातरी," सुमनबाई म्हणाल्या, आणि पदरानं कपाळ पुसलं.

तिसऱ्या दिवशी मुंजाजीनं कडप्प्यासाठी वाटणीच्या भिंतीत खाच मारायला घेतली. भिंत एका विटेची, आणि पलीकडं नेमका केशरबाईंचा कोनाडा, हे त्याला कसं ठाऊक असणार? छिन्नी गेली, मागोमाग हातोड्याचं टोक गेलं. "आतून पोकळ दिसायली," असं म्हणत त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपू लागला.

पलीकडून उलथण्याचा सणसणीत आवाज आला.

"अगं माय गं!" मुंजाजी ओरडला.

"चोर! चोर!" केशरबाई ओरडल्या.

"मोठ्या काकू, मी हाय! मुंजाजी!"

"मुंजाजी असशील न्हाई तर आणखी कोणी! माझ्या कोनाड्यात काय करायलास?"

त्यानं हात ओढला, त्याबरोबर चार-पाच विटा इकडं आल्या, दोन तिकडं पडल्या. धूळ बसली तेव्हा भिंतीला कंबरेइतक्या उंचीवर चांगलं परातीएवढं भोक पडलं होतं, आणि त्यात उलथणं उगारलेल्या केशरबाई दिसत होत्या.

"बग! बग सुमन! सातव्यात ठोकलं की हे असं होतंय!"

"सहाव्यात, अक्का."

"सातव्यात! थांब, तुला डबीच दाखवते. पितळंची डबी हाय, तुझ्या पोथीसारखी हवेतली न्हाई." त्या कोनाड्यात शोधू लागल्या. डबी नव्हती. "आता डबी कुठं गेली?"

ह्या धांदलीत अर्पी कुठं आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. ती सिमेंटच्या पोत्यावर चढून, भोकातून डोकं आधी अन् पाय नंतर, पलीकडं उतरली होती. तिथं उन्हाळ्यात फोडलेल्या चिंचेचे चिंचोके टोपल्यात भरून ठेवले होते. खाली पडलेली डबी मांडीत घेऊन ती मन लावून भरत होती. केशरबाईंनी डबी ओढून घेतली, झाकण लावलं, आणि भोकाशी येऊन विजयी मुद्रेनं परत उघडली.

"मोज. सगळ्यांसमोर मोज. एक... दोन..." सहाच्या पुढं गेल्यावर त्यांचा आवाज बारीक होत गेला. "नऊ... दहा... अकरा. अन् एक गुंडी."

मुंजाजी मनगट चोळत म्हणाला, "अकरावा महिना, काकू? म्हशीला बी दहाच लागतेत."

राजेश्री पोट धरून रेतीच्या ढिगावर बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. केशरबाईंनी तोंड उघडलं ते ओरडण्यासाठीच. पण तेवढ्यात अर्पीनं त्यांचं लुगडं ओढून एक चिंचोका वर धरला.

"म्होती, घे."

केशरबाईंनी तो घेतला. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "आलीच हाय कार्टी तर अनारसा खाऊन जाऊ दे. अन् मुंजाजी, आधी ते भोक बुजव."

"बुजवतो की," मुंजाजी म्हणाला. पण संध्याकाळी त्याला आठवलं की जिंतूरला त्याची सासुरवाडी आहे आणि तीही धोंडे घालून त्याची वाट बघते आहे. त्यानं भोकावर पोतं टांगलं, "चार दिवसांत आलोच" म्हणाला आणि गेला.

चार दिवसांचे सतरा झाले. आधी त्यानं जावई म्हणून खाल्लं, मग साडूनं ठेवून घेतलं, आणि गावी परतला तोवर त्याचाच जावई दारात येऊन बसला होता. मग सासरा म्हणून खाऊ घातलं. सुमनबाई रोज फोन करायच्या, आणि रोज पलीकडून तोंडात घास असलेला आवाज यायचा.

इकडं अर्पीची ये-जा सुरू झाली. पोतं वर करायचं, आत डोकं घालायचं आणि पाय हलवत राहायचं. मग पलीकडून कुणीतरी ओढून घ्यायचं. पहिल्या दिवशी केशरबाई तिला "चल, पळ तुपल्या घरी" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या बाजूला भोकाखाली मोठा पाट मांडला. तिसऱ्या दिवशी विटांच्या कडांवर जुन्या वाकळेची घडी आली. चौथ्या दिवशी पोतंच नाहीसं झालं.

"अक्का, पोतं कुठं हाय?"

"मला लागत होतं. डाळ भरायला," केशरबाई म्हणाल्या. त्यांच्या घरात डाळ होती ती डब्यातच मावेल एवढी.

सुमनबाईंच्या हे सगळं लक्षात येत होतं, पण त्या बोलल्या नाहीत. आता भोकातून वाट्याही फिरू लागल्या. इकडून भाजी तिकडं, तिकडून ठेचा इकडं. काठी टेकत येण्याची गरज उरली नव्हती, त्यामुळे बंदोबस्त दिवसभर चालायचा. "राजेश्री, वाकू नको गं. सुमन, वरणाला मीठ कमी हाय, वासावरून कळतंय. कुकरची शिट्टी मोजली का कुणी?"

"आई," राजेश्री हळूच म्हणायची, "आता आपल्याकडं दिवसभर आकाशवाणी."

मधल्या एका रविवारी योगीराजही पूर्णेला जाऊन धोंडे खाऊन आला. सदरा-पँटचं कापड आणलं आणि सासऱ्यांचा निरोप आणला. सासरे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा निरोपही गाडीच्या वेळापत्रकासारखा. "नागपंचमीला सकाळच्या गाडीनं येतो. ओटा बघतो. नसला तर दुपारच्या गाडीनं पोरीला अन् नातीला घेऊन निघतो."

त्या दिवशी सुमनबाईंनी मुंजाजीला चारदा फोन केला.

अठराव्या दिवशी मुंजाजी उगवला. अंगात नवा कोरा सदरा, आणि वाकताना धाप लागत होती. सुमनबाईंनी त्याला पाणीही न विचारता घमेलं हातात दिलं.

"आधी भोक बुजवतो," तो म्हणाला, "मग कडप्पा बसवतो. चार दिवसांचं काम हाय."

त्यानं माल कालवला, पहिली वीट उचलली, आणि पलीकडून आवाज आला.

"थांब."

केशरबाई भोकाशी उभ्या होत्या. "वीट ठेव खाली. सातवा लागलाय. आता काई चालणार न्हाई. जे जसं हाय ते तसंच राहू दे, बाळंतपण होईस्तोवर."

सुमनबाईंना आपले कान फुटले की काय असं झालं. "अक्का, तुमीच म्हणलात ना, भोक बुजव म्हणून!"

"म्हणले असंन. तव्हा सहावा होता."

"अवो, पण पोथीत—"

"लाल कपड्यातल्या?" केशरबाईंच्या डोळ्यांत चमक आली. "मी लावला की फोन गुरुजींना. ते म्हणले, कोण सुमनबाई?"

सुमनबाईंचे कान लाल झाले. मुंजाजीनं वीट ठेवली, हात धुतले आणि भिंतीला टेकून समाधानानं बसला. ह्या वेळी राजेश्री हसली नाही. ती उठली, अंगणात गेली, दोरीवरून अर्पीचे झबले एकेक करून काढू लागली. काढलेला झबला ती छातीशी धरून नीट घडी घालायची आणि खांद्यावर टाकायची. पाच झाले, सहा झाले. सातव्या झबल्याला सुमनबाई वळल्या आणि थेट भोकाशी गेल्या.

"अक्का, मी खोटं बोलले. पोथी न्हाई, गुरुजी न्हाईत. सातवाच हाय, मला बी ठाऊक हाय. पण ओटा झाला न्हाई तर ही अर्पीला घेऊन पूर्णेला जायली. चांगली सहा-आठ महिने. मग तुमी हे भोक उघडं ठेवून त्यातून काय बगणार? मला?"

केशरबाईंनी सुमनबाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुला तर पस्तीस वर्षं बगायलेय," त्या अखेर म्हणाल्या.

"तेच म्हणते मी."

त्या दोघींच्या मधे, भोकात, अर्पी पालथी पडलेली होती. डोकं थोरलीकडं, पाय धाकटीकडं. तिला वाटलं ही कुणी कुणाला ओढायचं याची चर्चा आहे, म्हणून ती दोन्हीकडून वाट बघत होती. केशरबाईंनी नाकावर बोट ठेवलं. त्या विचार करताना असं करायच्या, आणि मग गल्लीत कुणाची तरी सोयरीक तरी जमायची नाही तर मोडायची तरी.

"न्यायला येणार कव्हा?"

"येत्या न्हाई, त्याच्या पुढच्या सोमवारी. नागपंचमीला."

"मुंजाजी!" केशरबाई एकदम कडाडल्या. "बसलास काय?"

"सातवा लागलाय ना, काकू."

"कुणी सांगितलं तुला? धोंड्याचा महिना मोजत नसतेत, एवढं बी ठाऊक न्हाई? सतरा दिवस नुस्तं खायलाच गेल्तास का? सहावाच हाय. पोथीत हाय."

"कोणत्या पोथीत?" मुंजाजीनं भाबडेपणानं विचारलं.

"लाल कपड्यातल्या," दोघी जावा एकदमच म्हणाल्या.

मग केशरबाईंनी आपल्या बाजूनं हात भोकातून बाहेर काढला आणि सगळं काम नव्यानं आखून दिलं. ओटा ह्या भिंतीला नको. भोकाखाली शेगडी आली तर पोरगी थेट फोडणीत उतरंल. ओटा तिकडं, खिडकीखाली.

"ती दक्षिण हाय, अक्का," सुमनबाईंनी आठवण दिली. आता त्यांना भीती वाटेनाशी झाली होती.

"दक्षिण कुठली? कोपऱ्यात जरा तिरपं उभं राह्यलं की आग्नेय. अग्नीची दिशा हाय ती. तुमच्या पिढीला काईच कसं म्हाईत न्हाई?"

"अन् हे भोक?" मुंजाजीनं विचारलं.

"खालपर्यंत उतरव. चौकट बसव. मला ह्या वयात पोरीसारखं पालथं पडून यायचंय व्हय?"

पुढचे दहा दिवस त्या घरात जे ठोकणं झालं तसं नव्वद सालानंतर झालं नव्हतं. भिंतीतून दाराएवढी जागा पाडताना अख्ख्या गल्लीत धूळ उडाली. शेजारपाजारच्या बायका विचारायला आल्या, "केशरबाई, सातवा न् हो सूनबाईला?" आणि केशरबाई मोडक्या विटांच्या ढिगावर बसून प्रत्येकीला धोंड्याच्या महिन्याचं शास्त्र समजावत राहिल्या. समजावता समजावता त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसत चालला होता, असं सुमनबाईंना वाटलं.

ओट्याच्या उंचीवरून एकदा अडलं. राजेश्री उभी राहिली की पोट आधी ओट्याला टेकायचं आणि हात शेगडीपर्यंत पुरायचे नाहीत. मुंजाजी म्हणाला, "मग रुंदी कमी करू, वयनी." राजेश्री म्हणाली, "भाऊ, पोट दोन-अडीच महिन्यांचं पाहुणं आहे. ओटा जन्माचा आहे. तुम्ही मापानं करा." तेव्हा केशरबाईंनी तिच्याकडं पहिल्यांदा कौतुकानं पाहिलं, आणि दोनच महिने उरलेत हे कबूल केल्याबद्दल लगेच डोळेही वटारले.

नागपंचमीला पूर्णेचे पाहुणे आले. आधी घड्याळ पाहिलं, मग ओटा. कडप्प्यावर बोटानं वाजवून बघितलं, शेगडीचं बटण फिरवलं, अर्पीला खाली उभं करून तिचा हात कुठवर पोचतो ते पाहिलं. पोचत नव्हता. मग त्यांची नजर भिंतीतल्या दाराकडं गेली. तिथं केशरबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"हे दार कधी झालं, विहीणबाई?"

"सहाव्यात," केशरबाईंनी उत्तर दिलं.

पाहुण्यांना काही कळलं नाही. सुमनबाईंनी त्यांना पुरणाची दिंडं वाढली, वर तुपाची धार धरली. ते जेवले आणि दुपारच्या गाडीला एकटेच गेले. त्यांना वाटेला लावून सुमनबाई आत आल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या. करायचं काहीच नव्हतं, तरी बराच वेळ उभ्या राहिल्या. पाठीमागून अर्पी त्यांचा चष्मा घेऊन दारातून पलीकडं पळाली, आणि त्या तिच्यामागं धावल्या.

राजेश्री नवरात्रातल्या पाचव्या माळेला सेलूला बाळंत झाली. मुलगा, सव्वातीन किलो. केशरबाईंनी गल्लीला सांगितलेल्या हिशोबानं आठच महिने भरले होते, आणि आठमाशी लेकरू टिकत नाही ही सगळ्यांची समजूत. बायका तोंडं पाडून, हळू आवाजात बघायला आल्या. पाळण्यात डोकावल्या तर दोन गालांमध्ये नाक शोधावं लागत होतं.

"हे आठमाशी?" एकीनं विचारलंच.

"धोंड्याचं लेकरू हाय," केशरबाई म्हणाल्या. "एक महिना बिनहिशोबी वाढलंय."

ही झाली तेव्हाची गोष्ट. त्या मुलाचं नाव हरिओम ठेवलं. तो शांत आहे, दिला तो घास खातो, आणि अर्पिता त्याच्या वाट्याची बदमाशीही आपणच करते. ती सेलूच्या शाळेत गाडीनं जाते. गाडीवाल्यानं एकदा योगीराजला विचारलं की हिला दुसऱ्या कुणाच्या गाडीत घालता येईल का. योगीराज अजून तीच नोकरी करतो, तीच रेल्वे पकडतो आणि तशीच चुकवतो. राजेश्रीला अंगणवाडीत काम मिळालं. पूर्णेचे पाहुणे दर महिन्याला येतात, न कळवता, आणि आता दोन-दोन दिवस राहतात.

मुंजाजी मिस्त्रीनं त्यानंतर गावात बरेच ओटे बांधले. त्याच्या स्वतःच्या घरी बायको अजून खाली बसून स्वयंपाक करते. तिथली फरशी त्यानं गेल्या वर्षी उखडून ठेवली आहे.

केशरबाई पंचवीस सालच्या मार्गशीर्षात गेल्या. आजारपण असं नव्हतं. दुपारी अर्पीला शेंगा सोलून दिल्या, हरिओमला झोपवलं आणि त्याच्याशेजारी आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. पुण्याहून मुलं आली, दिवस केले, घराची किल्ली सुमनबाईंकडं देऊन परत गेली.

सुमनबाई आता सकाळी उभ्यानं भाकऱ्या करतात आणि दुपारी गल्लीतल्या बायकांना उभ्यानंच सल्ले देतात. केशरबाईंची जागा रिकामी राहायला नको, असं त्यांचं म्हणणं. बायका म्हणतात, केशरबाई बऱ्या होत्या.